उणे अर्धा अंश

२०२४ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. रॉटरडॅमजवळच्या आमच्या शीतगृहाला न्हावाशेवाहून आलेला द्राक्षांचा एक कंटेनर लागला होता. दार उघडल्यावर पहिल्या क्षणी जो वास येतो, त्यावरून आतल्या मालाचा निम्मा अंदाज येतो. चांगल्या डब्याला थंड लोखंडाचा आणि किंचित गंधकाचा वास असतो, पेटीत घातलेल्या ग्रेप गार्डच्या कागदाचा. त्या दिवशी वास गोडसर होता. आमच्या धंद्यात गोड वास म्हणजे वाईट बातमी.

पहिली पेटी फोडली. मणी टपोरे, रंग चांगला, साखरही मापात. पण घडाची काडी तपकिरी पडून सुतळीसारखी झालेली. पनेट, म्हणजे आतली प्लॅस्टिकची छोटी पेटी, हातात घेऊन जरासं हलवलं तर तळाशी सुटे मणी खडखडले. दहा पेट्या फोडल्या, दहाही तशाच. एरवी पंचवीस दिवसांच्या आत येणारा डबा चाळिसाव्या दिवशी पोचला होता. मी फोटो काढले, तक्त्यात मणीगळीची टक्केवारी भरली आणि अहवाल पाठवून दिला. त्याच अहवालावरून पिंपळगाव बसवंतकडच्या कुणाचे तरी किलोमागचे पैसे कापले जाणार होते. मी स्वतः पिंपळगावचा. चौदा वर्षं हेच करतोय, आपल्याच तालुक्याच्या द्राक्षांना डच भाषेत नावं ठेवणं.

संध्याकाळी दादाचा फोन आला. त्याचा माल त्या डब्यात नव्हता, पण त्याचाही डबा समुद्रातच होता.

"कुठपर्यंत आला असेल?"

"आफ्रिकेच्या खालच्या टोकाला असेल."

"एवढा वळसा कशाला घालतात रे? आपलं नौदल आहे ना तिथं? घालायची सरळ लाल समुद्रातून. दोन-चार बोटींना लागलं म्हणून सगळ्यांनीच पळ काढायचा का?"

मी काही बोललो नाही. वर्षभराचं पीक पाण्यावर असलेल्या माणसाशी वाद घालायचा नसतो. हा लेख म्हणजे दादाला तेव्हा न दिलेलं उत्तर समजा. तो वाचेल, आणि वाचून फोनही करेल.

त्या हिवाळ्यात नाशिकमध्ये समुद्राची जेवढी चर्चा झाली तेवढी मी आधी कधी ऐकली नव्हती. आम्हा नाशिककरांना समुद्र लांबचा. कसारा घाट उतरला की पलीकडे कुठे तरी तो असतो, माल तिकडे जातो आणि पैसे येतात, एवढाच संबंध. पण ८ डिसेंबर २०२३ ला केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली, लासलगावचे लिलाव ठप्प झाले, आणि त्याच महिन्यात येमेनमधल्या हुथी बंडखोरांच्या हल्ल्यांमुळे बड्या कंटेनर कंपन्यांनी लाल समुद्रातून जहाजं नेणं थांबवलं. कांद्याचं दार दिल्लीने लावलं आणि द्राक्षांची वाट येमेनमधून अडली. शाळेतल्या मित्रांच्या ग्रुपवर रात्री दोन वाजेपर्यंत चकमकी चालायच्या. हुथी हल्ले करत होते ते गाझाच्या नावाने, म्हणून गाझात कोण बरोबर यावर दोन तट. भाडेवाढ ही कंपन्यांची लूट आहे यावर मात्र सगळ्यांचं एकमत. सरकारने कंटेनरमागे अनुदान द्यावं की थेट शेतकऱ्याला द्यावं, यावर सगळ्यात लांब वाद. भाडं खरंच दुपटीच्या वर गेलं होतं, त्यामुळे तो वाद काही रिकामटेकड्यांचा नव्हता.

एकदा सहज मी त्या ग्रुपवर 'खलाशी' हा शब्द शोधून पाहिला. दोन महिन्यांच्या शेकडो मेसेजमध्ये तो एकदाच सापडला. कुणी तरी लिहिलं होतं, "खलाशांना पगार डॉलरमध्ये असतो, टॅक्स पण नसतो. मग रिस्क आलीच." खाली सात अंगठे.

दादाच्या त्या 'दोन-चार बोटी' नक्की काय होत्या ते आधी सांगतो. १९ नोव्हेंबर २०२३ ला 'गॅलक्सी लीडर' हे मोटारी वाहून नेणारं जहाज हुथींनी हेलिकॉप्टरमधून उतरून ताब्यात घेतलं. त्यावर पंचवीस माणसं होती, फिलिपिनो, युक्रेनी, बल्गेरियन, मेक्सिकन, रोमानियन. इस्रायलशी त्यांचा संबंध इतकाच, की जहाजाच्या मालकी कंपनीशी एका इस्रायली धनिकाचं नाव जोडलेलं. पुढे ते जहाज होडेइडाच्या किनाऱ्यावर पर्यटनस्थळ झालं. लोक होड्यांतून येऊन डेकवर फोटो काढायचे. ते पंचवीस जण सुटले २२ जानेवारी २०२५ ला, चौदा महिन्यांनी. 'केम प्लूटो'वर ड्रोन पडला तो तर लाल समुद्रातही नाही, अरबी समुद्रात, आपल्या गुजरातच्या किनाऱ्यापासून दोनशे सागरी मैलांच्या आसपास. त्यावर वीसहून अधिक भारतीय होते. २०२४ च्या प्रजासत्ताक दिनी 'मार्लिन लुआंडा' हे नॅफ्था भरलेलं जहाज पेटलं. त्यावर बावीस भारतीय आणि एक बांगलादेशी. 'आयएनएस विशाखापट्टणम'च्या नौसैनिकांनी वर चढून त्यांच्या खांद्याला खांदा लावून आग विझवली. ही बातमी आपल्याकडे गाजली, कारण त्यात नौदल होतं. ६ मार्चला 'ट्रू कॉन्फिडन्स'वर क्षेपणास्त्र पडून तिघं मेले, दोन फिलिपिनो आणि एक व्हिएतनामी. वाचलेल्यांना 'आयएनएस कोलकाता'ने उचललं, त्यांत एक भारतीय होता. नाशिकमध्ये त्या दिवशी कांदा काय भाव गेला हे मला आजही आठवतं. त्या तिघांची नावं मीही तेव्हा वाचली नव्हती.

दादा म्हणतो तसं नौदल तिथे नव्हतं असं नाही. दहाहून जास्त भारतीय युद्धनौका त्या काळात अरबी समुद्रात आणि एडनच्या आखातात फिरत होत्या. पण पाठीशी युद्धनौका असणं वेगळं आणि अंगावर क्षेपणास्त्र न पडणं वेगळं. लाल समुद्राच्या दक्षिण तोंडाशी असलेली बाब-अल-मांदेबची सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी जेमतेम तीस किलोमीटर रुंद आहे, नाशिकहून पिंपळगावला जाण्याइतकीच. तिच्या अरबी नावाचा अर्थ शोकाचं दार. त्या दारातून तीन-चारशे मीटर लांबीचं जहाज पळत काढायचं आणि काठावरून नेम धरून बसलेल्याला ते दिसणार नाही असं मानायचं, याला भाबडेपणा म्हणतात.

आता सिन्नरच्या पोराबद्दल.

त्याच वर्षीच्या मार्चमध्ये, एका रविवारी, बंदराजवळच्या खलाशांच्या केंद्रात मी गेलो होतो. तिथे जहाजावरून उतरलेली माणसं दोन-तीन तासांसाठी येतात, सिमकार्ड घेतात, वायफायवर घरी बोलतात, पूल खेळतात, चॉकलेटं घेतात. आमच्या मंडळातली काही माणसं कधीमधी तिथे खाण्याचं काही घेऊन जातात. त्या दिवशी बायकोने पोहे दिले होते. डबा उघडला आणि कोपऱ्यातला एक मुलगा फोनवरून मान वर करून म्हणाला, "शेंगदाणे घातलेत का?"

सत्तावीस-अठ्ठावीसचा असेल. सिन्नरचा. सातपूरच्या एका कारखान्यात वर्षभर काम केलं, मग समुद्राकडे वळला. कंटेनर जहाजावर इलेक्ट्रिकल ऑफिसर. भारतीय खलाशी त्या हुद्द्याला 'बत्तीसाब' म्हणतात. चीफ इंजिनिअर 'बडा साब', थर्ड 'तीन साब' आणि हा बत्तीसाब. मी काय करतो ते त्याला सांगितलं, तर तो खो खो हसला.

"म्हणजे दादा, तुमची द्राक्षं मी आणतो आणि तुम्ही त्यांना नापास करता."

त्याचं काम समजून घेतलं तेव्हा माझ्या चौदा वर्षांच्या नोकरीचा अर्धा भाग मला पहिल्यांदा दिसला. जहाजावर शेकडो रीफर, म्हणजे माल थंड ठेवणारे, कंटेनर असतात. प्रत्येकाची तपासणी दिवसातून दोनदा. बॅटरी आणि वही घेऊन लोखंडी शिड्यांवरून चढायचं, दोन रांगांमधल्या, जेमतेम खांदे मावतील अशा गल्लीतून सरकायचं, प्रत्येक डब्याचा आकडा वाचायचा. केळी असतील तर तेरा-चौदा, मासळी असेल तर उणे वीस, द्राक्षं असतील तर उणे अर्धा. "तुमच्या नाशिकची द्राक्षं म्हणजे माझ्यासाठी एक आकडा. उणे शून्य पॉइंट पाच. तो उणे पॉइंट दोन झाला तरी मला जाग येते."

त्याच्या उजव्या अंगठ्याचं नख काळंनिळं झालं होतं. विचारलं तर म्हणाला, केपजवळ, आफ्रिकेच्या त्या खालच्या टोकाला, एका डब्याचा पंखा बंद पडला. आठ-नऊ मीटरच्या लाटा. अशा हवेत कॅप्टन कुणाला डेकवर जाऊ देत नाही. दीड दिवस थांबला, हवा जरा उतरल्यावर मोटर बदलायला गेला, जहाज कललं आणि झाकण अंगठ्यावर आलं. डब्यात काय होतं? "द्राक्षंच असतील. बघितलं नाही."

हे झालं केपचं. त्याच्या आधी, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, कंपन्यांनी वाट बदलण्यापूर्वी, त्याचं जहाज बाब-अल-मांदेबमधून गेलं होतं. त्याने मला फोनमधला एक व्हिडिओ दाखवला. अंधारात काहीच दिसत नाही, फक्त इंजिनाची घरघर आणि कुणाचा तरी खोकला. डेकवरचे सगळे दिवे बंद, खिडक्यांना आतून पुठ्ठे चिकटवलेले, ज्यांची ड्यूटी नाही ते सगळे मधल्या जिन्यापाशी गाद्या टाकून बसलेले, लाइफजॅकेट अंगात. शेवटचा आसरा म्हणून स्टिअरिंग गिअरच्या खोलीत पाण्याचे डबे, बिस्किटं आणि एक बादली. "बादली कशाला ते तुम्हाला कळलं असेल." अठरा तास. त्यातले सहा तास तो इंजिन कंट्रोल रूममध्ये ड्यूटीवर, पाण्याच्या पातळीच्या खाली. "वर असलो तर दिसेल म्हणून भीती वाटते, खाली असलो तर दिसणार नाही म्हणून."

त्याआधी सुवेझमधून निघताना कॅप्टनने मेसमध्ये एक कागद फिरवला होता. पुढचा पट्टा धोक्याचा आहे, जायचं नसेल त्याने आत्ताच सांगावं.

असा हक्क खरोखर आहे. खलाशांच्या आंतरराष्ट्रीय संघटना आणि जहाज कंपन्या यांच्यातल्या कराराप्रमाणे असा भाग 'युद्धसदृश' ठरला की खलाशी तिथे जायला नकार देऊ शकतो. कंपनीने त्याला स्वतःच्या खर्चाने घरी पाठवायचं, वर दोन महिन्यांचा मूळ पगार द्यायचा. गेला तर त्या दिवसांचा मूळ पगार दुप्पट, मेला किंवा जायबंदी झाला तर भरपाई दुप्पट. पण हा करार असलेल्या जहाजांनाच हे लागू. पनामा, लायबेरिया, मार्शल बेटं यांचे झेंडे लावून फिरणारी, मालक एका देशाचा, व्यवस्थापन दुसऱ्या देशात आणि माणसं तिसऱ्याच देशातून आणलेली, अशी करार नसलेली जहाजं काही थोडीथोडकी नाहीत. पगार न देता, जेवणाविना वाऱ्यावर सोडून दिलेल्या खलाशांची संख्या २०२४ मध्ये तीन हजारांच्या वर गेली आणि त्यांत सर्वाधिक आपले होते.

"तू काय केलंस?" मी विचारलं.

"सही केली. जातो म्हणून."

वडिलांची पाऊण एकर गहाण होती. जहाजावर लावून देणाऱ्या एजंटाने कोर्सचे आणि 'वरचे' मिळून जे पैसे घेतले होते ते अजून फिटायचे होते. "नाही म्हटलं तर घरी पाठवतील, बरोबर आहे. पण पुढच्या कॉन्ट्रॅक्टला बोलावतील का, हे कुठल्या करारात लिहिलंय?" एक फिलिपिनो फिटर मात्र उतरला. त्याला महिनाभरापूर्वी मुलगी झाली होती. बाकीचे त्याला हसले नाहीत, हे त्या पोराने आवर्जून सांगितलं. त्याची बॅग दोघांनी मिळून खाली नेली.

पोहे संपवून, उरलेले एका डब्यात भरून घेऊन तो गेला. पूलच्या टेबलावर त्याची टोपी राहिली, ती मी दुसऱ्या दिवशी जाऊन दिली नाही, कारण दुसऱ्या दिवशी जहाज निघालेलं होतं.

आता तो सात अंगठ्यांचा मेसेज. पगार घेतात, मग धोका आलाच.

माझं आजोळ भगूरचं. देवळालीच्या तोफांचा सराव सुरू झाला की मामीच्या फडताळातली भांडी वाजायची. नाशिकला सैनिक म्हणजे काय ते कुणी समजावून सांगावं लागत नाही. तोफखान्याचं प्रशिक्षण आमच्याकडे, लढाऊ विमानं ओझरला बनतात, गावोगावी माजी सैनिक. शहीद जवान घरी येतो तेव्हा अख्खा तालुका रस्त्यावर असतो, दुकानं आपोआप बंद होतात, आणि तसंच व्हायला हवं. पण जवानाने शपथ घेतलेली असते, त्याच्या हातात शस्त्र असतं, मागे देश असतो. बत्तीसाबच्या हातात टेस्टर असतो. तो लढायला गेलेला नाही, पंखा दुरुस्त करायला गेलाय. त्याच्या शवपेटीला तिरंगा नाही, ती विमानाच्या मालकक्षातून येते आणि कागदपत्रांसाठी मुंबईत तीन दिवस अडकते. आणि त्याच्या पगारात डॉलर असतात म्हणून आपण त्याच्या जिवाचा हिशेब चुकता झाल्याचं समजतो. याच न्यायाने बघायचं तर मी युरो घेतो. मला क्षेपणास्त्र लागलं तरी चालेल का?

(गंमत अशी की आपले पासपोर्ट नाशिकरोडच्या छापखान्यात छापले जातात. म्हणजे जगात कुठेही असलेल्या भारतीय खलाशाच्या खिशात नाशिकचा कागद असतो. त्याची आठवण मात्र आम्हाला नसते.)

परदेशात राहणाऱ्याने गावाकडच्यांना शिकवायला सुरुवात केली की पुढचा परिच्छेद ठरलेला असतो: बघा, इकडे कसं छान आहे. तो मला लिहायचा नाही. पण रॉटरडॅममधली एक गोष्ट सांगायलाच हवी.

मास नदीच्या काठावर शहराच्या मधोमध जहाजाचं एक प्रचंड नाक पाण्यातून वर आल्यासारखं उभं आहे, चाळीस मीटरहून उंच. डच लोक त्याला 'दे बूख' म्हणतात, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, कोकणात ज्याला नाळ म्हणतात ते. दुसऱ्या महायुद्धात मेलेल्या साडेतीन हजार डच व्यापारी खलाशांचं ते स्मारक आहे, १९५७ सालचं. त्यावर तीनच शब्द आहेत, ज्यांचा अर्थ होतो, त्यांनी दिशा सोडली नाही. ४ मेला रात्री आठ वाजता सगळा देश दोन मिनिटं थांबतो. ट्राम थांबतात, दुकानातला गल्ला थांबतो. माझी मुलगी शाळेत ते सगळं शिकली आणि मला तिथे घेऊन गेली. पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्याही घशात काही तरी दाटलं.

नंतर तिच्याच शाळेच्या पुस्तकातून दुसरी बाजू कळली. १९४० मध्ये हॉलंड पडलं तेव्हा समुद्रावर असलेल्या डच खलाशांना लंडनमधल्या त्यांच्या सरकारने सक्तीने कामावर ठेवलं. नाही म्हणण्याची सोयच नव्हती. दिशा सोडली नाही हे खरं, पण सोडू दिली नाही हेही तितकंच खरं. आणि जे नाही म्हणाले त्यांचं काय झालं? १९४२ च्या सुरुवातीला जर्मन पाणबुड्या कॅरिबियन समुद्रात तेलाची जहाजं बुडवू लागल्या. क्युरासाव बेटावरच्या चिनी आगवाल्यांनी, भट्टीपाशी काम करणाऱ्यांनी, संरक्षण आणि पगारवाढ मिळेपर्यंत जहाजावर चढणार नाही असं सांगितलं. त्यांना डांबून ठेवलं, आणि २० एप्रिलला डच पोलिसांच्या गोळीबारात पंधरा जण मेले. त्या पंधरांसाठी नदीकाठी नाक नाही.

आपलंही तेच. महायुद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटिश जहाजांवर हजारो भारतीय खलाशी होते, कोकणातले, गोव्यातले, सिल्हटचे. हुद्द्याने सारंग, टंडेल, आगवाले, भंडारी. गोऱ्या खलाशाच्या पगाराचा पाचवा हिस्सा त्यांना मिळायचा. १९३९ मध्ये त्यांनी ठिकठिकाणच्या बंदरांत संप केले, शेकड्यांनी तुरुंगात गेले आणि मगच पगार थोडा वाढला. १९४१ पर्यंत तर ब्रिटिश व्यापारी जहाजांवर असा रिवाज होता की जहाज बुडालं की त्या दिवसापासून पगार बंद. माणूस तराफ्यावर असो नाहीतर पाण्यात.

'गेरसोप्पा' नावाचं एक जहाज होतं. आपल्या जोगजवळच्या गेरसोप्पाचंच नाव. कलकत्त्याहून चांदी, चहा आणि कच्चं लोखंड घेऊन इंग्लंडला चाललेलं हे जहाज फेब्रुवारी १९४१ मध्ये आयर्लंडच्या नैऋत्येला पाणबुडीने बुडवलं. ऐंशीहून जास्त माणसं, बहुतेक भारतीय. एक होडी तेरा दिवस वाहत जाऊन कॉर्नवॉलच्या किनाऱ्याला लागली. त्यातला एकच माणूस जगला, तो इंग्रज अधिकारी होता. २०१२ मध्ये पावणेपाच किलोमीटर खोल पाण्यातून त्या जहाजावरची सुमारे ४८ टन चांदी वर काढली गेली. चांदीच्या विटा मोजून मिळाल्या, बाराशेच्या वर. नाशिक चांदीचं गाव आहे. आमच्या सराफ बाजारातल्या कुणालाही विचारा, वीट वितळून तिची नाणी किंवा ताटवाट्या झाल्या तरी वजन हिशेबात राहतं. माणसांचं तसं नाही. त्या युद्धात मेलेल्या सुमारे सहा हजार भारतीय व्यापारी खलाशांची नावं एका वहीत आहेत, मुंबईत मशीद बंदराजवळच्या खलाशीगृहात. लोकलने शंभरदा मशीद बंदरवरून गेलो असेन. वही बघायला उतरलो नाही.

आणि इथला आजचा डच? ४ मेला दोन मिनिटं थांबणारा हा माणूस, २०२४ च्या जानेवारीत आमच्या ऑफिसात, सोफा दोन आठवडे उशिरा येणार म्हणून कुरकुरत होता. सुपरमार्केटच्या खरेदीदाराने मला सुनावलं, काडी हिरवी हवी, कारणं सांगू नका. त्याच्याही तोंडात खलाशी हा शब्द आला नाही. मेलेल्या खलाशाची इथे आपल्यापेक्षा जास्त कदर आहे, जिवंत खलाशाची नाही. फरक एवढाच.

आता दादा, तुझ्या तोट्याबद्दल. तो खोटा आहे असं मी म्हणत नाही. गोडी छाटणीपासून ते पेटी भरेपर्यंत तू किती रात्री काढतोस ते मी बघितलंय. अवकाळीने एकदा झोडपलं, मग मजुरी, मग भाडं, आणि शेवटी माझ्यासारखा कुणी तरी येऊन काडी तपकिरी आहे म्हणतो. न्हावाशेवा ते रॉटरडॅम हे अंतर सुवेझमार्गे सुमारे ६,३०० सागरी मैल, केपमार्गे १०,७०० च्या आसपास. त्या जादा मैलांचं बिल शेतकऱ्याने एकट्याने भरणं हा अन्यायच आहे. भांडायचं असेल तर त्यावर भांडू. मालविम्यात 'उशीर' आणि 'युद्ध' हे दोन शब्द बारीक अक्षरांत वगळलेले असतात, त्यावर निर्यातदारांच्या संघटनांनी विमा कंपन्यांना धरावं. भाडं वाढेल तेव्हा तोटा कुणी किती सोसायचा हे इथल्या आयातदाराबरोबरच्या सौद्यात आधीच लिहून घ्यावं. आज तो सगळा तुमच्या गळ्यात मारतो, हे मी आतून बघतोय. लांबचा पल्ला टिकणाऱ्या जातींकडे वळणं, दूरच्या मालाची काढणी जरा आधी करणं, तळेगावच्या पॅकहाऊसपासून गारवा न तुटू देणं, यातलं बरंच तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

पण 'घालायची सरळ' असं म्हणू नकोस. कारण ते वाक्य जहाजाला उद्देशून असलं तरी ऐकायला माणूस आहे. तुझी द्राक्षं पंधरा दिवस लवकर पोचावीत म्हणून सिन्नरच्या कुणाच्या तरी पोराने अंधारात अठरा तास बसावं, आणि त्याला नाही म्हणायची सोय नसावी, ही मागणी आपली असू शकत नाही. मी तर म्हणतो, नाही म्हणणाऱ्याचं पुढचं कॉन्ट्रॅक्ट बुडू नये ही मागणी नाशिकच्या निर्यातदारांनी करावी. कोकणातल्या खलाशांच्या संघटनेने ती केली तर ती त्यांची अडचण वाटते. ज्यांचा माल जातो त्यांनी केली तर कंपनीला ऐकावं लागेल. गिऱ्हाईक बोलतंय म्हटल्यावर कंपन्यांना ऐकू येतं, हे मी रोज बघतो.

हे सगळं पहिल्या मसुद्यात लिहून झाल्यावर मी दादाला फोनवर वाचून दाखवलं. मधे त्याने दोनदा 'हं' केलं. मग बराच वेळ गप्प. मागे ट्रॅक्टरचा आवाज.

"तुझं म्हणणं पटतंय असं नाही," तो म्हणाला. "तिकडं शीतगृहात बसून बोलणं सोपं आहे."

"तेही खरंय."

"२०२५ मध्ये पुन्हा बुडवल्या ना दोन बोटी? जुलैत?"

"बुडवल्या. 'मॅजिक सीज' आणि 'इटर्निटी सी'. दुसऱ्यावरची माणसंही गेली, काहींना पकडून नेलं."

"तो सिन्नरवाला कुठं असतो आता?"

"समुद्रावर असेल. नंबर घेतला नव्हता मी."

"नंबर नाही घेतलास?" दादा खरंच चिडला. "पोहे खाऊ घालतो आणि नंबर घेत नाही? कसला माणूस आहेस." मग जरा थांबून म्हणाला, "बरं, आपला डबा कुठल्या जहाजावर आहे ते तुला दिसतं ना? त्यावर कोण बत्तीसाब आहे ते नाही का दिसत?"

"नाही दिसत. डब्याचा नंबर दिसतो, तापमान दिसतं."

"किती आहे?"

मी संगणकावर बघून सांगितलं. उणे पॉइंट पाच.

"मग आहे कुणी तरी," दादा म्हणाला, आणि मजूर आलेत म्हणून त्याने फोन ठेवला.